कोळशात काडीकचरा : भट्टी कोणाची आणि हमाली कोणाची?

(बंगळूर येथील अभ्यासवर्गात रेल्वे व टपाल खात्यातील मराठी भाषिक सभासदांपुढे केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर 'कोळशाबरोबर बायोमास जाळणे' हा विषय पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटले. महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे जिव्हाळ्याचे प्रश्न सोडून संघटना काडीकचऱ्यावर कधीपासून बोलू लागली, असे एका सभासदाने पंगतीत विचारलेही. प्रश्न रास्त आहे. रेल्वे जो माल वाहते त्यात वजनाने जवळजवळ निम्मा कोळसा असतो. मालगाडीचा ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन, गँगमन, वॅगन दुरुस्तीचा फिटर यांच्या पगाराचा मोठा हिस्सा या काळ्या दगडातून निघतो. त्या कोळशात सरकार दुसरे काही मिसळायला सांगत असेल, तर ते काय आहे, कुठून येणार आणि कोणाच्या पाठीवरून येणार, हे आपण समजून घेतले पाहिजे. टपाल खात्यातील बंधूंचा याच्याशी काय संबंध, ते पुढे येईलच.

बायोमास म्हणजे शेतातला काडीकचरा : तुराट्या, पऱ्हाट्या, भाताचे तूस, उसाची चिपाडे, भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा. यंत्रात दाबून त्याच्या जाड कांड्या केल्या की आपल्याकडे त्यांना 'पांढरा कोळसा' म्हणतात, आणि बोटाएवढ्या गोळ्या केल्या की 'पेलेट'. लहान बॉयलरवाल्यांना हा माल नवा नाही. औष्णिक वीज केंद्रांच्या प्रचंड बॉयलरमध्ये तो कोळशाबरोबर घालण्याचे प्रकरण मात्र अलीकडचे. एनटीपीसीने २०१७ साली उत्तर प्रदेशातील दादरी येथे प्रयोग केला. त्यानंतर ८ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने धोरण काढले की कोळशावरच्या वीज केंद्रांनी वर्षभरात वजनाने ५ टक्के पेलेट जाळायला सुरुवात करावी आणि पुढे बहुतेकांनी ते प्रमाण ७ टक्क्यांवर न्यावे. वर्ष उलटले, पेलेट काही मिळाले नाहीत. २०२३ साली मुदत वाढवून २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के असे ठरवावे लागले. हुकूम दिल्लीत निघतो, पण काडी शिवारातच गोळा करावी लागते.

हा विचार मुळात वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा शेतातच पेटवून देतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर दिल्लीचा श्वास कोंडतो. तो पेंढा बॉयलरमध्ये जळाला तर धूर उघड्यावर न सुटता राख पकडणाऱ्या यंत्रणेतून जाईल आणि तेवढा कोळसा वाचेल. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडला गेलेला. पेंढ्यातला कार्बन याच सालच्या पिकाने हवेतून घेतलेला आणि पुढच्या पिकात परत जाणारा. हे शास्त्र खरे आहे आणि कामगार संघटनेने शास्त्राशी भांडण करू नये.

आता भट्टीत काय होते ते पाहू. वाफेच्या इंजिनावर ज्यांच्या वडिलांनी फायरमन म्हणून फावडे मारले त्यांना हे सांगणे सोपे. ब्रॉडगेजवरचे वाफेचे इंजिन १९९५ साली गेले, पण 'क्लिंकर' हा शब्द रेल्वे वसाहतीतल्या घरांत अजून जिवंत असेल. राख वितळून जाळीवर काचेसारखी बसली की तिला क्लिंकर म्हणत, आणि तो फोडताना फायरमनचे हात भाजत. काडीकचऱ्याच्या, विशेषतः भाताच्या पेंढ्याच्या राखेत पोटॅश आणि क्लोरीन जास्त. पोटॅशमुळे राख कमी उष्णतेला वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांवर बसते. क्लोरीन नळ्या खाते. म्हणून थोड्या प्रमाणातच मिसळण्याची मुभा आहे. दुसरी अडचण दळण्याची. वीज केंद्रात कोळसा पिठासारखा दळून गरम हवेच्या झोताने भट्टीत फुंकतात. कोळसा ठिसूळ, दळला जातो. काडीचे तंतू तुटत नाहीत, नुसते पिंजले जातात, आणि गिरणीतली हवा फार गरम झाली तर आतच पेट घेतात. यावर उपाय म्हणून पेलेट आधी कमी हवेत अडीचशे-तीनशे अंशांवर भाजून घेतात. भाजल्यावर तो कोळशासारखा ठिसूळ होतो. अर्थात भाजण्याचा खर्च वाढतो.

ही सगळी विद्या आम्हाला बंगळुरात बसून सांगावीशी वाटली, कारण लाकूड-काडीवर उद्योग चालवण्याचा या भागातला अनुभव शंभर वर्षांचा आहे.

भद्रावतीचा लोखंड कारखाना १९२३ साली सुरू झाला. त्याचे मूळ नाव 'म्हैसूर वुड डिस्टिलेशन अँड आयर्न वर्क्स', म्हणजे लाकडाचे ऊर्ध्वपातन आणि लोखंड. त्यामागे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या उभे होते. पुण्याच्या कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले आणि खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवणारे, तेच हे विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानात लोहखनिज होते, दगडी कोळसा नव्हता. बंगाल-बिहारहून कोळसा आणणे परवडेना, म्हणून शिमोग्याच्या जंगलातले लाकूड बंद भांड्यांत भाजून लोणारी कोळसा करायचा, त्यावर झोतभट्टी चालवायची आणि निघणाऱ्या वाफेतून मद्यार्क, डांबर असे पदार्थ काढून विकायचे, अशी योजना होती. जंगलातून लाकूड आणण्यासाठी ट्रामवे टाकले गेले. कारखाना चालला, गाव वसले. पण झोतभट्टीची भूक जंगलाच्या वाढीपेक्षा मोठी असते. १९५० च्या दशकात विजेच्या भट्ट्या आल्या. १९८९ साली कारखाना 'सेल'कडे गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये 'सेल'ने तो बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी फाटकाबाहेर धरणे धरून बसावे लागले ते मुख्यतः कंत्राटी कामगारांना. पोलाद मंत्रालयाच्या २०२४ च्या आराखड्यात 'हरित पोलादा'साठी लोणारी कोळसा वापरण्याची शिफारस पुन्हा आली आहे. तो वाचताना भद्रावतीची आठवण होणे साहजिक आहे.

रेल्वेचा अनुभव याहून जुना. मद्रास रेल्वेची इंजिने सुरुवातीच्या दशकांत मोठ्या प्रमाणावर लाकडावर धावत. त्यांच्यासाठी जंगले तुटली, आणि मद्रास इलाख्याच्या किनाऱ्यावर जळणासाठी सुरूच्या झाडांची लागवड करावी लागली.

तिसरे उदाहरण बंगळूरच्या अगदी शेजारचे, कोलार जिल्ह्याचे. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली तिथे नाचणीच्या शेतांत निलगिरी उभी राहिली. झाडे गावाच्या जळणासाठी म्हणून लावली, पण लाकूड गेले कागद-रेयॉनच्या कारखान्यांना. जमीनमालकाला राबते गडी ठेवण्याची गरज उरली नाही; शेतमजुराची पेरणी, खुरपणी, कापणीची मजुरी बुडाली. भूजल खाली गेल्याची ओरड वर्षानुवर्षे झाली तेव्हा कुठे २०१७ साली कर्नाटक सरकारने निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. कारखान्याने इंधन किंवा कच्चा माल मागितला की शेतातले पीक बदलते, हे कोलारने दाखवून दिले आहे.

याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांनी १९७४ साली 'अस्त्र' नावाचे केंद्र काढले. ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असे विज्ञान करायचे, हा त्याचा हेतू. त्यांच्या मंडळींनी तुमकूर जिल्ह्यातल्या कुणिगल तालुक्यात, पुरा वगैरे गावांत, घरोघरी जाऊन जळण मोजले. गावातली बहुतेक ऊर्जा जळाऊ लाकडातून येते, ती मुख्यतः चुलीत जाते आणि ती गोळा करण्याचे काम बरेचसे बायका-मुले करतात, असे त्यांना आढळले. त्यातून सुधारलेली 'अस्त्र ओले', म्हणजे अस्त्र चूल, निघाली. त्याच जिल्ह्यात होसहळ्ळी या गावी १९८८ साली लाकडापासून गॅस करून त्यावर इंजिन चालवून दिवे लावले. तिथे डिझेल आणि लाकडाचा गॅस एकाच इंजिनात जाळत. डिझेलचा बराचसा भाग वाचे. दोन इंधने एकत्र जाळण्याचाच हा प्रकार, फक्त गावाच्या मापाचा. जळण गावचे, दिवाही गावचा. आम्हाला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्या हिशेबाकडे येऊ. उदाहरणासाठी रायचूरचे औष्णिक केंद्र घेऊ. १९८५ पासून चालू असलेले, १७२० मेगावॉटचे. बंगळूरचे दिवे ज्या विजेवर लागतात त्यातली काही तिथली. कोळसा सिंगरेणी, महानदी आणि आपल्या विदर्भातल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतून रेल्वेनेच जातो. केंद्र पूर्ण भाराने चालले तर दिवसाला साधारण २५ हजार टन कोळसा लागेल, म्हणजे सहा-सात रेक. त्याचे ५ टक्के म्हणजे रोज साडेबाराशे टन पेलेट. वजनाने पाहिले तर हा कोळशाच्या एका रेकचा जेमतेम तिसरा हिस्सा. तेव्हा 'कोळशाची वाहतूक जाणार, रेल्वे कामगार उघड्यावर पडणार' अशी भीती कोणी घालत असेल तर निदान ५-७ टक्क्यांपुरती ती खरी नाही.

पण हे साडेबाराशे टन येणार कसे? बॉक्सएन वॅगनचा पेटारा सुमारे ५६ घनमीटरचा. त्यात कोळसा साठ टनांच्या आसपास बसतो. मोकळा पेंढा भरला तर घनमीटरला ८० किलो धरून साडेचार टन! म्हणजे आपण वॅगनभर हवा ओढणार. पेलेट केले तर ३५-३६ टन बसतील. पण बॉक्सएन उघडी असते, आणि पेलेट पावसात भिजला की फुगून परत भुसा होतो. मग झाकलेली बीसीएन वॅगन हवी, म्हणजे पोती हवीत, आणि पोती म्हटली की हमाल आले. टिपलरवर वॅगन उलटी करून पेलेट ओतले तर ते फुटतात, आणि त्यांचा चुरा हवेत उडाला की ठिणगीला स्फोटासारखा पेटतो. या सगळ्या कटकटीमुळे व्यवहारात हा माल ट्रकने जातो. १५ टनी ट्रक धरले तर एका केंद्राच्या फाटकावर रोज ऐंशीहून जास्त ट्रक. कोळसा वाचवण्यासाठी रस्त्यावर डिझेल जाळायचे, असा हा प्रकार. दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आत माल गोळा होणार असेल तर ट्रक ठीक. त्यापलीकडे झाकलेल्या वॅगनमधून रेल्वेनेच न्यावा, अशी आमची मागणी राहील. त्यात रेल्वे कामगाराचे हित आहे आणि देशाचेही.

वर्षाला तीनशे दिवस धरले तर पावणेचार लाख टन पेलेट लागतील. रायचूर-गुलबर्गा हा तुरीचा मुलूख. एकरी टनभर तुराट्या धरल्या तर पावणेचार लाख एकरांतली एकूण एक तुराटी एका केंद्राला गेली. आता तुराट्यांचे आज काय होते ते आठवून पाहा. सोलापूर, उस्मानाबाद, लातूरकडच्या बंधूंना सांगायला नको : चुलीत जळण, झोपडीचा कूड, गोठ्याची भिंत, सगळे त्यातूनच. विदर्भात पऱ्हाट्यांचे तेच. कापूस वेचून झाला की शेतमजूर बायका पऱ्हाट्या उपटून देतात आणि मोबदल्यात भारा घरी नेतात. ज्वारीचा कडबा तर गुरांच्या तोंडचा घास. केंद्र सरकारने करून घेतलेल्या अभ्यासाप्रमाणे देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन काडीकचरा निघतो आणि त्यातला सुमारे २३ कोटी टन 'शिल्लक' राहतो. पंजाबात ही शिल्लक खरीच आहे, ती डोळ्यांनी दिसते. आपल्या कोरडवाहू मुलखात मात्र 'शिल्लक' कोणाच्या हिशेबाने, हे विचारले पाहिजे. व्यापारी बांधावर काटा घेऊन उभा राहिला की शेतमालक तुराटी विकणार. त्याचा हक्कच आहे तो. पण ज्या बाईला ती फुकट मिळत होती तिला पर्याय काय? २०१६ च्या उज्ज्वला योजनेत सिलिंडर घरोघर पोचला, पण पुन्हा भरण्याइतके पैसे हातात नसले की बाई परत चुलीकडेच वळते.

आणि हे पेलेट कोण करणार? कोळशाच्या खाणीत कायम कामगार आहे, त्याचा वेतन करार आहे, युनियन आहे. पेलेटचे कारखाने लहान, दहा-पंधरा माणसांचे. १९४८ च्या कारखाना कायद्याखाली वीज वापरणारा दहा कामगारांचा उद्योग 'कारखाना' ठरे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितेत ही मर्यादा वीस कामगारांवर नेली आहे, आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नासवर. म्हणजे काडी कापणारे, वाळवणारे, दाबणारे, पोती भरणारे हात बहुतांशी या व्याख्यांच्या बाहेरच राहणार. त्यांच्या नाकातोंडात दिवसभर भुसा जाणार. त्यांची तपासणी कोण करणार?

धोका भुशावरच थांबत नाही. पेलेटचा ढीग आतल्या आत तापतो, हवेतला प्राणवायू खातो आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वासही नसतो. २००६ साली स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्ग बंदरात लाकडी पेलेट आणणाऱ्या जहाजाच्या जिन्यातून खाली उतरलेला एक खलाशी असाच गुदमरून गेला. २०१२ साली इंग्लंडमध्ये टिलबरीच्या वीज केंद्रात पेलेटच्या साठ्याला मोठी आग लागली. ही सगळी सुधारलेल्या देशांतली, सुरक्षा अधिकारी नेमलेली ठिकाणे. आपल्याकडे बंद गोदामात किंवा झाकलेल्या वॅगनमध्ये हमाल उतरतो तेव्हा आत हवा कशी आहे हे कोणी पाहत नाही. बीसीएनचे दार उघडून काही वेळ वारा खेळू दिल्याशिवाय आत माणूस पाठवायचा नाही, एवढा साधा नियमसुद्धा छापील स्वरूपात माल धक्क्यावर लागला पाहिजे.

खर्चाचेही बोलू. पेलेटचा उष्मांक देशी कोळशापेक्षा सर्वसाधारणपणे महाग पडतो, आणि धोरणाप्रमाणे हा जादा खर्च विजेच्या दरात घालण्याची मुभा वीज कंपन्यांना आहे. म्हणजे बिल आपण भरणार. आम्ही त्यालाही विरोध करणार नाही, जर त्यातला योग्य वाटा काडी गोळा करणाऱ्या बाईच्या आणि पोते उचलणाऱ्या हमालाच्या पदरात पडत असेल. आज तो मधल्या पुरवठादाराच्या खिशात जातो, की कुठे जातो, हे तपासायला हवे.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला एक वाट दाखवली आहे. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार लढले आणि मालक बदलला तरी कामगाराची नोंदणी मंडळाकडे, लेव्ही मंडळाकडे, पगार-भविष्यनिर्वाह निधी मंडळामार्फत, अशी व्यवस्था झाली. मुंबईत रेल्वे मालाच्या हमालांसाठी स्वतंत्र मंडळ आहे. पेलेटच्या चढ-उतारासाठी याच धर्तीची मंडळे वीज केंद्र असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात असावीत, पुरवठ्याच्या करारात किमान वेतनाची आणि विम्याची अट असावी, आणि गावातल्या घरगुती जळणाची गरज आधी मोजून मगच 'शिल्लक' ठरवावी, असे निवेदन आम्ही तयार करीत आहोत.

त्या निवेदनाला आकडे लागतील, आणि इथे टपाल बंधूंचे काम सुरू होते. गावोगाव रोज जाणारा सरकारी माणूस आता एकच उरला आहे, तो म्हणजे ग्रामीण डाक सेवक. आपापल्या बीटमधल्या चार गावांत तुराट्या-पऱ्हाट्यांचा भाव काय चालला आहे, तीन वर्षांपूर्वी काय होता, व्यापारी येतो का, कोणत्या महिन्यात येतो, बायकांना भारा मिळायचा तो बंद झाला का, एवढे पाच प्रश्न विचारून पोस्टकार्डावर कळवा. रेल्वे बंधूंनी आपल्या यार्डात किंवा माल धक्क्यावर पेलेटचा माल उतरला असेल तर तारीख, वॅगनचा प्रकार आणि हमाल कोणाच्या ठेक्यावर होते हे लिहून पाठवावे. नाव कळवायचे नसेल तर शाखेमार्फत पाठवा.

आता चहाच्या आधी वीस मिनिटे आहेत, प्रश्न विचारावेत. पंगतीतल्या त्या सभासदाने पहिला प्रश्न विचारावा अशी विनंती.